जयवंताबाईंची कललेली मोटार

जयवंताबाईंनी वरवंटा मोटारीच्या ऐन मध्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. वरवंटा जरासा घुटमळला, मग डावीकडं गडगडत गेला आणि पाण्याच्या हंड्यावर ठण्णकन आदळला. बाईंनी तो उचलून पुन्हा मध्यावर ठेवला. पुन्हा तेच. दगडाला माणसासारखी भीडभाड नसते. जिकडं उतार तिकडं तो जाणार. बाईंनी पदर खोचला, वरवंटा उचलला, मोटारीच्या मागच्या पायऱ्या दणदण उतरल्या आणि पेरूच्या झाडाखाली उकिडवं बसून बशीतला चहा फुंकणाऱ्या दस्तगीर मिस्त्रीच्या पुढ्यात तो असा टाकला, की मिस्त्रीला पाय आवरून घ्यावे लागले.

“ही तुमची कमान,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा बसवलेली.”

दस्तगीरनं वरवंट्याकडं पाहिलं. बाईंकडं पाहिलं नाही. उभी हयात त्यानं नवाबाच्या मोटारखान्यात काढली होती, आणि बायामाणसांशी बोलायचं ते मान खाली घालून, हे त्याच्या अंगात चाकाच्या वंगणासारखं मुरलं होतं.

“बाईसाब, ये पत्थर का कसूर है,” तो बशीला म्हणाला. “गोल चीज है. गोल चीज तो लुढकतीच.”

“आणि दुधाला एकाच अंगानं साय धरते माझ्या मोटारीत. दूध पण गोल आहे का?”

दुधाचं हे काही खोटं नव्हतं. हैदराबादच्या काचीगुड्यात ते शपथेवर सांगणारी माणसं होती. त्यांतलेच काही असंही सांगत, की शेजारच्यांची मांजर त्या मोटारीत उजवीकडं झोपली आणि डावीकडं जागी झाली, आणि तेव्हापासून ती तिरकीच चालते.

मोटार मुळात एका नवाबाची. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी हैदराबादेत खडा मारला तर तो एका नवाबाला लागून उसळायचा आणि दुसऱ्याला लागायचा. या नवाबसाहेबांना जहागिरीत दौऱ्यावर जावं लागे, पण तंबूत झोपलं की त्यांना स्वप्नात सासरा दिसे. म्हणून त्यांनी एका विलायती मालमोटारीच्या सांगाड्यावर सागवानी घरच बांधून घेतलं. दोन अंगांना दोन पलंग, पुढं चूल, मागं दार, टपावर न्हाणीच्या पाण्याची टाकी आणि खिडक्यांना मखमली पडदे. चालायला लागली की ती लग्नातल्या हत्तीसारखी डोलायची. दस्तगीर सांगायचा, एकदा मेदकच्या वळणावर ती अशी झुलली, की बटेरांच्या कबाबांची थाळी खिडकीतून उडाली आणि रस्त्याकडेच्या फकिराच्या कटोऱ्यात जाऊन पडली. फकिरानं मान वर करून ‘और रोटी?’ असं विचारलं.

मग हिंदुस्थानची फौज आली, संस्थान गेलं. वर्षभरानं जहागिऱ्या गेल्या. नवाबसाहेबांचा दावा चालवणाऱ्या मुकुंद वकिलांना फी म्हणून द्यायला त्यांच्याकडं ही मोटार तेवढी उरली होती. मुकुंदराव ती घेऊन घरी आले, त्या रात्री त्यांच्या बायकोनं, रजनीनं, आमटीत मीठ घातलं नाही. अंगणातला निम्मा उजेड मोटारीनं खाल्ला होता. पण मुकुंदरावांची मावशी, म्हणजे जयवंताबाई, सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, “ही मला दे. मी हिच्यात राहणार.”

“कुठं?” मुकुंदरावांनी विचारलं.

“माझ्या शेतात.”

ते शेत पूर्णेकाठी, वरुडीला. जयवंताबाईंचं तिथलं घर धामधुमीच्या वर्षी जळालं होतं आणि तेव्हापासून त्या काचीगुड्याला भाच्याकडं होत्या. यजमान नामदेवराव त्याच उन्हाळ्यात सरहद्दीपलीकडच्या, संस्थानाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात ज्वारी पोचवायला म्हणून गाडी जुंपून निघाले होते, ते अजून यायचे होते. घरात सगळे असंच म्हणत, ‘यायचे आहेत.’ दुसरं कुणी काही म्हणालं तर बाई त्याच्या ताटातली भाकरी काढून घेत.

मधल्या काळात शेत धाकट्या दिरानं, केशवरावांनी, कसायला घेतलं होतं. आधी ‘वहिनींसाठी’, मग ‘दादा येईपर्यंत’, आणि आता नुसतंच. जुना सालगडी अंबाजी मुद्दाम रेल्वेनं येऊन सांगून गेला होता, की यंदा पाडव्याला केशवराव सालगड्यांना आपल्या हातानं विडा देणार. त्या मुलखात साल पाडव्याला बदलतं. ज्याच्या हातचा विडा गड्यानं घेतला, त्याचं शेत वर्षभर त्यानं करायचं. आणि ज्याचे गडी ज्या शेतात राबतात, त्याचंच ते शेत, असं गाव एका सालात म्हणायला लागतं. अंबाजीचं म्हणणं एवढंच होतं, की मालकीणबाई पाडव्याला शेतात उभ्या असतील तर तो दुसऱ्याच्या विड्याला हात लावणार नाही. नसतील तर त्यालाही पोरंबाळं आहेत.

रेल्वे होती की. मुकुंदरावांच्या घराच्या मागूनच शिट्ट्या मारत जायची. पण रेल्वेतून उतरून बाई जाणार कुठं? केशवरावांच्या दारात. आणि ज्याच्या घरची भाकरी खायची, त्याच्याशी शेतासाठी भांडायचं, हे जयवंताबाईंना जमण्यातलं नव्हतं. भांडायला आपलं छप्पर लागतं. ते त्यांना चाकांवर सापडलं होतं. फक्त ते डावीकडं कललेलं होतं, आणि ड्रायव्हर यादगिरीनं साफ सांगितलं होतं, की मोटार सरळ उभी राहिली तर तो निघेल. अशी झुकलेली आणि डोलणारी मोटार निर्मळच्या घाटात न्यायला त्याला त्याच्या आईनं जन्म दिलेला नाही.

म्हणून तो वरवंटा, आणि म्हणून दस्तगीर मिस्त्रीशी हे भांडण.

मागच्या चाकांवर पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते. घराचा भार ती पेलते, खड्ड्यात लवते आणि पुन्हा उभी राहते. डाव्या चाकावरची कमान म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखी खचली होती. पहिल्या खेपेला दस्तगीरनं ती उतरवली, पट्ट्या भट्टीत लाल केल्या, ठोकून बाक दिला, तेलात विझवल्या. मोटार डोलायचीही थांबावी म्हणून टपावरची टाकी खाली काढली आणि झिजलेल्या खिळी बदलल्या. मोटार ताठ उभी राहून अंगणात आली. बाईंनी सामान लावलं, आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा कलली. दुसऱ्या खेपेला त्यानं कमानीत एक पट्टी जास्तीची घातली. आता ही दुसरी खेप वरवंट्याच्या रूपानं त्याच्या पायाशी पडली होती.

“तिसऱ्यांदा नेतो,” असं तो त्याच्या बोलीत म्हणाला, आणि तिसऱ्यांदाही कलली तर दस्तगीर नाव लावणार नाही, हेही त्यानं जोडून दिलं. जयवंताबाई म्हणाल्या की नाव बदलून काय उपयोग, कमान बदला. रजनी स्वयंपाकघराच्या खिडकीत तोंडाला पदर लावून उभी होती.

प्रत्येक खेपेला एक सोहळा व्हायचा. मोटार मिस्त्रीकडं जायच्या आधी बाई आतलं सगळं सामान स्वतः उतरवून पडवीत रचायच्या. परक्याच्या कारखान्यात आपली चूलबोळकी जाणार नाहीत, हा एक नियम. सामान चढवताना आत कुणी येणार नाही, हा दुसरा. दस्तगीरलाही आत यायचं नव्हतंच. चाकाखाली शिरायचं असलं तरी तो आधी खाकरायचा, पडदे खाली आहेत ना ते विचारायचा, मग आडवा व्हायचा. नवाबाच्या मोटारीखाली तो वीस पावसाळे लोळला होता, पण आतल्या गालिच्याचा रंग त्याला ठाऊक नव्हता, आणि याचा त्याला कमानींपेक्षा जास्त अभिमान होता.

तिसऱ्या खेपेला त्यानं कसर ठेवली नाही. दोन्ही बाजूंच्या कमानी नव्यानं भरल्या, आणि डोलू नये म्हणून मागच्या दोन चाकांच्या मध्ये आडवी पोलादी सळई जखडून टाकली. मोटार काचीगुड्याहून हिमायतनगरपर्यंत नेली आणि आणली. रस्त्यातल्या टांगेवाल्यांनी टांगे थांबवून पाहिली, असं तो म्हणाला. दस्तगीरच्या सांगण्यात टांगे नेहमीच थांबत. पण अंगणात आली तेव्हा ती खरोखर सरळ होती. यादगिरीनं मागं उभं राहून मान हलवली आणि चाक धरायला आपण सकाळी येऊ, असं सांगून तो गेला. पाडवा दाराशी आला होता.

बाई सामान लावायला आत शिरल्या. पडदे पडले. आतून ओढण्याचे, घासण्याचे, धापा टाकण्याचे आवाज आले. दस्तगीर पेरूखाली बसून राहिला. कौतुक ऐकल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यानं ठरवलं असावं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत मोटारीचं डावं अंग हळूहळू खाली आलं; जेवून झाल्यावर लोडावर रेलणाऱ्या माणसासारखं, अगदी आरामात.

जयवंताबाई दारात आल्या. त्यांना कुणी सांगायला नको होतं, पायांनाच कळलं होतं.

मग जे झालं ते चिक्कडपल्लीपर्यंत ऐकू गेलं, असं म्हणतात. बाईंनी आधी कमान काढली, मग भट्टी काढली, मग तेल काढलं. तेलात पाणी होतं, पोलादात पत्रा होता, आणि मिस्त्री नवाबाला जन्मभर टोप्या घालत आला, म्हणून तर नवाब बुडाला. दस्तगीर खाली मान घालून ऐकत होता. नवाबाचं नाव आलं तसा तो उठला. पहिल्यांदाच त्यानं मान वर केली, पण तरी बाईंकडं नाही, मोटारीच्या टपाकडं.

“मेरे कारखाने में सीधी खडी रहती,” तो म्हणाला. “रस्ते पे सीधी चलती. आपके आंगन में आके टेढी होती. मैं मोटार ठीक कर सकतूं, बाईसाब. घर ठीक करना मेरे हाथ में नई.”

“म्हणजे खोट माझ्या घरात आहे?”

“मेरेकू क्या मालूम? मैं अंदर झांका नई. नवाबसाब के जनाने में कभी नई झांका, तो आपके में काइकू झांकूंगा?”

कललेल्या मोटारीवर आपलं नाव मिरवायला त्याला नको होतं. सकाळी येऊन तो आपल्या कमानी उतरवून घेणार होता आणि जुन्या, खचलेल्या, होत्या तशा लावून देणार होता. एवढं बोलून तो निघाला. फाटकाशी चप्पल अडकली, ती त्यानं रागानं लाथाडली आणि मग परत येऊन घातली.

आवाज ऐकून मुकुंदराव कचेरीच्या खोलीतून बाहेर आले होते. आजवर त्यांनी या मोटारीच्या भानगडीत तोंड घातलं नव्हतं. मावशीला उशीर झाला, पाडवा टळला, तर ती काचीगुड्यालाच राहील, हे त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. पण मिस्त्रीचं बोलणं त्यांच्या वकिली डोक्यात अडकलं. रिकामी सरळ, भरली की वाकडी. काही न विचारता ते पायऱ्या चढून आत गेले. बाई नको म्हणायच्या आत.

आत डावीकडं पाय ठेवायला जागा नव्हती. जातं, उखळ, पाटा, पाण्याचा हंडा, पितळी डबे, लोखंडी ट्रंक, बियाण्याची पोती, गोवऱ्या. आणि या सगळ्यावर बाईंचं अंथरूण, एखाद्या गडावर चौकी असावी तसं. उजवीकडं नुसता पलंग. त्यावर नवी गादी, धुतलेली चादर, सुरकुती नाही. खुंटीवर पगोटं. पलंगाखाली वहाणांचा जोड, टाचा भिंतीकडं.

“मावशी,” मुकुंदराव म्हणाले, “सगळं ओझं एकाच अंगाला आहे.”

“मग? बायकांचं सामान बायकांच्या अंगाला असतं. वरुडीला उजवा सोपा पुरुषांचा होता. सासूबाई असेतो माझं सूपसुद्धा त्या सोप्यावर गेलं नाही.”

“पण ही बाजू रिकामी आहे.”

“रिकामी नाही ती.”

मुकुंदरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसायला काही नव्हतं. मग तेही चिडले. आणि मवाळ माणसं चिडतात तसे, हळू आवाजात. पाडव्याला विड्याच्या बैठकीत केशवराव हेच विचारणार आहेत, ते म्हणाले. गडी कुणाच्या नावानं ठेवता, दादाच्या? मग दादा कुठं आहेत? कुणी पुण्यात पाहिलं म्हणतो, कुणी नाशकात कफनीत पाहिलं म्हणतो, कॅम्पात तापानं गेले म्हणणारे तर चार जण भेटले. तिथं मावशी काय सांगणार, की पलंग घातलाय?

“खाली उतर, मुकुंदा.”

“ऐक तर—”

“खाली उतर म्हटलं ना. जोडे घालून आलास त्यांच्या बाजूला.”

मुकुंदराव उतरले.

बाहेर ऊन तापलं होतं. आत मखमली पडद्यांतून लाल उजेड येत होता आणि सागवानाला जुन्या अत्तराचा वास सुटला होता. जयवंताबाई पोत्याला टेकून बसल्या आणि समोरच्या पलंगाकडं बघत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. संताप आला. मिस्त्रीचा आला, मुकुंदाचा आला, केशवचा तर उठल्याबसल्या यायचाच. पण ते सगळे संताप ओसरल्यावर तळाशी एक उरला, सगळ्यांत जुना, आणि तो त्या पलंगावर न बसलेल्या माणसाचा होता.

उशीर करायची त्यांची खोडच होती. पान वाढलं की हात धुवायला जायचे आणि आडापाशी गप्पा मारत बसायचे. भाकरीची वाकळ होईपर्यंत. लग्नाचा मुहूर्त टळला तो त्यांच्यामुळं, वाटेत कुणाची तरी म्हैस चिखलात रुतली होती ती काढत बसले म्हणून. वऱ्हाड आलं ते नवरदेवाला गुडघ्यापर्यंत चिखल. अक्षता पडल्या तेव्हा म्हशीचा मालकही सगळ्यांच्या पुढं उभा राहून अक्षता टाकत होता. त्या दिवशीही जाताना सांगितलं काय, तर रात्रीला येतो. निघताना खिल्लारी जोडी नेली. म्हातारी जोडी गोठ्यात होती, तिनं भागलं असतं, पण नाही. कॅम्पातल्या लोकांपुढं चांगले बैल दिसले पाहिजेत. जोडी गेली, गाडी गेली, ज्वारी गेली. आणि मागं राहिलेल्या बाईनं कपाळाकडं बघणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देत बसायचं. आता पाडव्याला शेत जायचं, तेही यांची जागा अडवून ठेवली म्हणून.

बाई उठल्या. बियाण्याचं एक पोतं दोन्ही हातांनी धरून ओढायला लागल्या. ते मध्यावर आलं, तिथं थांबल्या. दम खाल्ला. मग त्याला गुडघा लावला आणि उजव्या पलंगाशी नेऊन टेकवलं. चादरीवर हात ठेवला, आणि घरातल्या बाईनं घरातल्या माणसाला म्हणावं तशा खेकसल्या,

“सरका जरा.”

पोतं गादीवर चढलं. पलंग करकरला. खाली कमानीच्या पट्ट्यांतून कण्हल्यासारखा आवाज उमटला आणि मोटारीनं, आजारी माणूस बदलतो तशी, किंचित कूस बदलली. बाईंच्या पायांना ते कळलं. त्या क्षणभर दांडीला धरून उभ्या राहिल्या. मग दुसरं पोतं. मग ट्रंक, आडवी करून, ढकलत. जातं त्यांनी एकेक तळी करून नेलं, आधी वरची, मग खालची. जात्यासाठी पलंगाखाली जागा करताना वहाणांचा जोड बाहेर आला. बाईंनी तो पदरानं पुसला आणि ट्रंकेत ठेवून दिला. पगोट्याकडं दोनदा पाहिलं. ते खुंटीवरच राहू दिलं. त्याला वजन नव्हतं.

मग त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि मोटारीच्या मध्यावर, फळ्यांवर, ठेवलं. पाणी तांब्याच्या काठाशी चहूकडून सारखं लागलं. बाईंनी ते पिऊन टाकलं.

सकाळी दस्तगीर पाने, हातोडे आणि रात्रभर आठवून ठेवलेले शब्द घेऊन फाटकातून आत आला. चार पावलं आला आणि उभा राहिला. मग मोटारीच्या मागं गेला, उकिडवा बसला, एक डोळा मिटून दोन्ही चाकांवर नजर लावली. डोळा बदलून पुन्हा लावली. यादगिरी आधीच चाकामागं बसून विडी ओढत होता. त्याला जे बघायचं होतं ते त्यानं बघितलं होतं.

मोटारीत रजनी मावशीला निरोप द्यायला कुंकवाचा करंडा घेऊन चढली होती. नवऱ्यानं तिला रात्री सगळं सांगितलं असणार. तिनं उजव्या पलंगावरची पोती पाहिली, ट्रंक पाहिली, पलंगाखालचं जातं पाहिलं. बोट कुंकवात बुडवलेलं होतं, ते तसंच हवेत राहिलं.

“लाव,” जयवंताबाई कपाळ पुढं करून म्हणाल्या. “ऊन चढतंय.”

रजनीनं कुंकू लावलं. बोट किंचित कलतं उठलं. बाईंनी ते आरशात बघितलं नाही.

बाहेरून खाकरण्याचा आवाज आला.

“पडदा है?”

“आहे,” बाई म्हणाल्या.

“बाईसाब.” दस्तगीरचा आवाज चाकापाशी होता, खाली, आणि त्यातली कालची धार कुठं तरी गेली होती. “एक बात पूछतूं. कल के बाद अंदर कुछ सरकाए क्या?”

रजनीनं मावशीकडं पाहिलं. करंड्याचं झाकण तिच्या हातात तसंच होतं. बाईंना एकच वाक्य बोलायचं होतं, खरं, आणि मग पुढचं सगळं त्याच्या मागोमाग बोलावं लागलं असतं. कुठून सरकवलं, कुठं सरकवलं, तिथं आधी काय होतं.

“काही नाही,” जयवंताबाई म्हणाल्या. “तुमची कमान बसली, मिस्त्री.”

बाहेर पाने पिशवीत परत पडल्याचा आवाज आला. मग दस्तगीरनं एक मोठा श्वास सोडला आणि बोलायला लागला, आधी चाकाशी, मग यादगिरीशी, मग फाटकाबाहेर थांबलेल्या भाजीवाल्याशी. लोखंड मानी असतं, तो सांगत होता. भट्टीतून काढलेलं पोलाद एक रात्र रुसतं. त्याला कुणी शिव्या दिल्या तर जास्तच. पण सकाळी आपल्या जागेवर येतं, खानदानी असेल तर. ही गोष्ट विलायतेतल्या कारखान्यांनाही ठाऊक नाही. बाईंनी दिलेल्या शिव्या त्यानं माफ केल्या होत्या. पोलादाला त्या मानवल्या होत्या, असं त्याचं मत पडलं.

मुकुंदराव पायऱ्यांशी आले. त्यांना काही तरी म्हणायचं होतं. मावशीनं त्यांच्या हातात जेवणाचा रिकामा डबा दिला, तो जागेवर ठेव म्हणून, आणि दार लावून घेतलं.

मोटार फाटकातून निघाली. स्टेशनच्या कोपऱ्यावर वळण बरंच आखूड होतं, पण तिथं ती झुकली नाही, डोलली नाही. सासरहून भांडून माघारी निघालेल्या बाईसारखी ताठ वळली. दस्तगीर एक डोळा मिटून तिच्या मागं चालत होता आणि टांगेवाल्यांना टांगे थांबवायला सांगत होता. खरोखरच दोन थांबले.

आत उजव्या पलंगावर, बियाण्याच्या पोत्याला पाठ लावून बसलेल्या जयवंताबाई यादगिरीवर ओरडत होत्या, की असाच रांगत राहिलास तर अंबाजी विड्यासाठी हात कुणापुढं करील, दगडापुढं?